यादीतला माणूस

पृथ्वीच्या पाठीवर पक्ष्यांच्या अकरा हजारांच्या आसपास जाती आहेत. कावळा, चिमणी, कबुतर, पोपट आणि वर हौसेला एखादा खंड्या एवढ्या भांडवलावर चारचौघांचं आयुष्य सुखात जातं. काहींना मात्र उरलेल्यांची रुखरुख लागते. ही मंडळी वही घेऊन जगभर हिंडतात, नवा पक्षी दिसला की वहीत खूण करतात, आणि खूण झाली की त्या जातीशी असलेले संबंध संपले असं समजून पुढच्या विमानाकडे धावतात. यांना लिस्टर म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी म्हणजे लायफर. हा शब्द आता आपल्याकडेही रुळलाय. भिगवणला पहाटे होडीत बसलेला हिंजवडीचा तरुण ‘आज दोन लायफर मिळाले’ असं म्हणतो तेव्हा नावाडीही मान डोलावतो.

पण भिगवणचा तरुण हा होतकरू. मुरलेला लिस्टर, आणि तोही पळून जायला जागा नाही अशा ठिकाणी, मला पाहायला मिळाला तो दक्षिण अटलांटिक महासागरात.

अर्जेंटिनाच्या पार दक्षिण टोकाला उशुआया नावाचं गाव आहे. आपल्याकडे दिवाळी आटोपली की तिकडे उन्हाळा लागतो आणि गावाच्या धक्क्यावरून जहाजं सुटतात. आधी फॉकलंड बेटं, मग साउथ जॉर्जिया, मग अंटार्क्टिकाचा शेंडा आणि ड्रेकच्या खवळलेल्या सामुद्रधुनीतून परत. खर्चाचा आकडा घरात मोठ्याने बोलायचा नसतो. जहाजावर सहा खंड झाले म्हणून सातवा उरकायला आलेले असतात, हातभर लेन्स घेऊन आलेले असतात, पेंग्विन पाहून डोळ्यांत पाणी येणारे असतात. या सगळ्यांत लिस्टर ओळखायला सोपा. सगळे ज्या बाजूला धावतात त्याच्या विरुद्ध बाजूच्या कठड्याला तो उभा असतो.

आमचे लिस्टर यॉर्कशरकडचे निवृत्त दंतवैद्य होते. मी त्यांना डॉक्टरच म्हणायचो. उंच, वाळलेले, अंगात असंख्य खिशांचं बिनबाह्यांचं जाकीट आणि छातीवर पट्ट्यांनी आवळलेली दुर्बीण. ही दुर्बीण जेवतानाही उतरत नसे. सूपच्या वाफेने भिंगं धुरकटली की ते आधी भिंगं पुसत आणि मग चमचा उचलत. आयुष्यभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावल्यामुळे असेल, पण समोरचा माणूस बोलायला लागला की डॉक्टर त्याच्या डोळ्यांकडे न पाहता जबड्याकडे पाहत.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, “कुठले तुम्ही?”

“महाराष्ट्रातला.”

“फॉरेस्ट आउलेट!” डॉक्टर एकदम ओरडले. शेजारच्या टेबलावरच्या दोन जर्मन बायका दचकल्या.

फॉरेस्ट आउलेट म्हणजे आपला रानपिंगळा. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नव्हता. संपला म्हणून सगळ्यांनी हात टेकले होते, आणि ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि तिच्या साथीदारांना तो नंदुरबारकडे शहाद्याजवळच्या रानात बसलेला दिसला. मधल्या काळातली एक नोंद होती, पण ती करणारा कर्नल माइनर्ट्झहागेन हा संग्रहालयातले जुने नमुने चोरून त्यांना स्वतःच्या नावाच्या नव्या चिठ्ठ्या लावायचा, हे पुढे उघड झालं. डॉक्टरांनी हा सगळा इतिहास मला ऐकवला. मग स्वतःचा. मध्यरात्री ते मुंबईला उतरले, टॅक्सीने तानसाच्या जंगलात गेले, उजाडल्यावर रानपिंगळा पाहिला आणि त्याच रात्रीच्या विमानाने परतले.

“मुंबई कशी वाटली?”

“ट्रॅफिक फार.”

“गेटवे ऑफ इंडिया पाहिलं असेल?”

“तिथे काय मिळतं?” डॉक्टरांनी खिशातून पेन काढत विचारलं.

त्यांच्या शेजारी डॉक्टरीणबाई शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आग्र्यातही दोन रात्री राहिलो होतो आम्ही. चंबळेवरच्या त्या पाणचिऱ्यासाठी. ताजमहाल मी हॉटेलच्या गच्चीवरून पाहिला. हे झोपले होते. पहाटे निघायचं होतं ना.”

डॉक्टरांची यादी तेव्हा ७,९७८ वर होती. हा आकडा त्यांना विचारावा लागत नसे. आठ हजार हा या पंथातला गड. तो सर्वांत आधी सर करणारी फीबी स्नेटसिंगर ही डॉक्टरांचं दैवत. १९८१ मध्ये या अमेरिकन बाईंना कर्करोग झाल्याचं निदान झालं, तिथल्या डॉक्टरांनी थोडक्या महिन्यांची मुदत दिली, आणि बाई अंथरूण धरायचं सोडून पक्षी पाहायला निघाल्या त्या अठरा वर्षं फिरतच राहिल्या. आठ हजारांच्या पुढे गेल्या आणि १९९९ मध्ये मादागास्करमध्ये, पक्षी पाहायच्या दौऱ्यातच, गाडीच्या अपघातात गेल्या. डॉक्टर हे सांगताना गंभीर झाले. मीही झालो. मग ते म्हणाले, “मादागास्करला मी दोनदा गेलोय. चार राहिलेत.”

समुद्राचे दिवस आले. जहाज झुलायला लागल्यावर निम्मी मंडळी कानामागे मळमळीची पट्टी चिकटवून आडवी झाली. जेवणघरात हिरवी सफरचंदं आणि आल्याचे तुकडे यांखेरीज कशालाच गिऱ्हाईक उरलं नाही. डॉक्टर पहाटेपासून मागच्या डेकवर. साडेतीन मीटरपर्यंत पंख पसरणारा भटका अल्बट्रॉस पंख न हलवता जहाजामागून तरंगत येत होता. मी पाहतच राहिलो. एवढा मोठा जीव वाऱ्यावर नुसता टेकून तासन्‌तास जाऊ शकतो, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नव्हता. डॉक्टरांनी त्याला हाताने बाजूला हो म्हणून खुणावलं. तो न्यूझीलंडलाच होऊन गेला होता. त्याच्या मागे प्रायन होते.

प्रायन हा करड्या रंगाचा, कबुतराहून लहान समुद्रपक्षी. याच्या जाती अनेक आणि चेहरा एकच. फरक चोचीत: कुणाची रुंद, कुणाची निमुळती, कुणाच्या चोचीच्या कडेला आतून बारीक कंगवा. डॉक्टरांनी लाटांवरून भिरभिरणाऱ्या या पक्ष्यांचे शेकडो फोटो काढले आणि रात्री जेवणाच्या टेबलावर एकेक चोच मोठी करून पाहिली. सरावाचं काम होतं. माझ्या तोंडात घास असताना त्यांनी फोन पुढे केला आणि मला वरच्या जबड्याची रुंदी पाहायला लावली.

फॉकलंडमध्ये त्यांना कॉब्स रेन हवा होता. उंदीर नसलेल्या बेटांवरच टिकलेली ही इवलीशी तपकिरी चिमणी किनाऱ्यावर साचलेल्या समुद्रशेवाळात किडे वेचते. डॉक्टर श्वास रोखून तिच्याकडे पाहत असताना जॉनी रूक, म्हणजे तिथला शिकारी कॅराकारा, मागून चालत आला आणि त्यांच्या बुटाची नाडी ओढायला लागला. या पक्ष्याची चोरी फार जुनी. डार्विनच्या बोटीवरच्या लोकांची टोपी आणि होकायंत्र याच्याच भाईबंदांनी पळवल्याची नोंद खुद्द डार्विननेच केली आहे. जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारा हा पक्षी नाडी सोडवून घेऊन चालता झाला. बाकीच्यांनी त्याचे फोटो काढले. डॉक्टरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. सकाळीच धक्क्यावर त्याची खूण झाली होती.

साउथ जॉर्जियाला पाय ठेवण्याआधी आपली झडती होते. त्या बेटावर परकं बी रुजू नये म्हणून बूट, पँटचे घोटे, पिशव्यांच्या शिवणी, वेल्क्रोच्या पट्ट्या हे सगळं व्हॅक्यूमने ओढून चिमट्याने वेचायचं. लाउंजमध्ये सगळे मांडी ठोकून आपापल्या कपड्यांच्या शिवणी तपासत बसले होते. माझं दहा मिनिटांत आटोपलं. डॉक्टरांचं जाकीट मात्र दोन मार्गदर्शकांनी टेबलावर पसरलं आणि त्याच्या खिशांतून पाच खंड बाहेर पडायला लागले. प्रत्येक बी पांढऱ्या कागदावर ठेवलं जात होतं आणि डॉक्टर शेजारी उभे राहून मूळगाव सांगत होते. “हे पापुआ. हे बहुतेक बोलिव्हिया, तिथे गवतात आडवा झालो होतो.” पाठीवरच्या खिशाच्या शिवणीतून चिमट्याने एक लांब, पिळदार, शेवटी अणकुचीदार असं काही ओढून काढलं तेव्हा मी ते लगेच ओळखलं. ते आपलं कुसळ होतं. पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या कुठल्याही माळावरून चाललं की मोज्यात घुसतं तेच. “तानसा,” डॉक्टर म्हणाले. दोन समुद्र ओलांडून आलेलं ते कुसळ मी हातात मागितलं. मार्गदर्शक मुलीने नाही म्हटलं आणि पिशवीत टाकून पिशवीचं तोंड बांधलं.

सेंट अँड्र्यूज बे हे या बेटावरचं किंग पेंग्विनांचं सर्वांत मोठं गाव. जोड्या दीड लाखाच्या आसपास. रबरी झोडिॲक होडीतून किनाऱ्याला लागण्याआधी वास येतो, मग आवाज, आणि टेकाड चढल्यावर हिमनदीच्या पायथ्यापर्यंत पसरलेली ती दाटी. पाच मीटर अंतर ठेवा असा नियम आहे. तो पेंग्विनांना कुणी सांगितलेला नाही. एक सरळ माझ्यापर्यंत आला, मान लांब करून बुटाकडे पाहिलं, दुसऱ्याला बोलावल्यासारखा ओरडला आणि दोघंही काही न ठरवता निघून गेले. २०२३ मध्ये बेटावर बर्ड फ्लू पोचल्यापासून जमिनीवर बसायची, गुडघा टेकायची मनाई आहे, त्यामुळे लेन्सवाले अवघडून, कंबरेत वाकून उभे होते. पुढ्यात हत्ती सील एकमेकांच्या तोंडावर ढेकर देत लोळत होते. बोलायला कुणाला शब्द नव्हते.

डॉक्टर त्या साऱ्याकडे पाठ करून उभे होते. किंग पेंग्विन पहिल्याच खाडीत, पहिल्याच मिनिटात ‘झाला’ होता. आता ते दुर्बिणीने गवताची बेटं विंचरत होते.

मी त्यांना पेंग्विनांची पिल्लं दाखवायचा प्रयत्न केला. जाड तपकिरी लोकरीतली ही पिल्लं आईबापांसारखी अजिबात दिसत नाहीत. इतकी नाहीत, की जुन्या काळच्या निसर्गअभ्यासकांनी त्यांना लोकरी पेंग्विन अशी वेगळी जातच मानलं होतं. हे ऐकून डॉक्टरांनी पहिल्यांदाच पिल्लांकडे नीट पाहिलं. “तेव्हा आलो असतो,” ते म्हणाले, “तर इथेच एक जास्तीचा मिळाला असता.”

जास्तीचे मिळवायची त्यांची आणखी एक तरतूद होती. लाल चोचीचा जेंटू पेंग्विन फॉकलंडमध्ये असतो, साउथ जॉर्जियात असतो आणि अंटार्क्टिकातही. आज तो एकाच जातीत मोजतात, पण २०२० मध्ये काही संशोधकांनी त्याच्या चार जाती करा असं सुचवलंय. तेव्हापासून लिस्टर मंडळी प्रत्येक बेटावरचा जेंटू वेगवेगळा पाहून, तारीख-वार लिहून ठेवतात. उद्या एन.ए. होईल या भरवशावर गावाबाहेरचा माळ आज घेऊन ठेवावा, तसा हा व्यवहार. जाती ठरवणाऱ्या समितीने शिक्का मारला की घरी खुर्चीत बसल्या बसल्या एकाचे तीन. अशी खुर्चीतली वाढ त्यांच्याकडे बरीच होती. उलटही होतं म्हणा. कधी समिती दोन जाती एकत्र करते आणि ॲमेझॉनात मलेरिया सोसून मिळवलेला पक्षी रातोरात जातो. अशा एका बैठकीनंतर डॉक्टर दोन दिवस जेवले नव्हते, अशी माहिती डॉक्टरीणबाईंनी आडवे शब्द भरता भरता दिली.

गवत विंचरणं चाललं होतं ते साउथ जॉर्जिया पिपिटसाठी. आपल्या माळरानावर शेपटी हलवत पळणारी तीरचिमणी असते, तिची ही चुलतबहीण. मूठभर, मातकट, अंगावर रेघा. जगात सर्वांत दक्षिणेला गाणारा पक्षी हाच, आणि या बेटाबाहेर कुठेच नाही. सील आणि देवमासे मारायला आलेल्या जहाजांतून उंदीर उतरले, त्यांनी याची अंडी-पिल्लं खाऊन टाकली आणि बिचारा कडेच्या उंदीर नसलेल्या लहान बेटांवर जीव धरून राहिला. २०११ पासून तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरनी विषारी आमिष टाकून उंदीर संपवण्यात आले. शेवटी कुत्र्यांकडून वास घेववून खात्री केली आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

पिपिट मिळाला तो ग्रिटविकेनला. १९०४ मध्ये कार्ल अँटन लार्सनने इथे देवमाशांचा कारखाना थाटला. १९६५ पर्यंत या बेटावर पावणेदोन लाखांच्या आसपास देवमासे कापून उकळले गेले. त्या तेलाच्या गंजलेल्या टाक्या अजून उभ्या आहेत, किनाऱ्याला एक जुनं शिकारी जहाज कलंडलंय. त्याचं नाव पेट्रेल, म्हणजे एका समुद्रपक्ष्याचंच. “यादीत धरता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. हा त्यांचा प्रवासातला एकमेव विनोद होता, आणि तो विनोद होता याची मला अजून पुरती खात्री नाही.

गावाबाहेरच्या दफनभूमीत अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणारा अर्नेस्ट शॅकल्टन आहे. १९२२ च्या जानेवारीत याच बंदरात, जहाजावर, तो गेला. प्रत्येक जहाजाचे प्रवासी त्याच्या थडग्यापाशी जमतात, व्हिस्कीचा घोट घेतात आणि थोडी त्याच्या मातीवर ओततात. आमच्या मोहिमेचा प्रमुख ग्लास उंचावून शॅकल्टनच्या धैर्याबद्दल बोलत होता, तेवढ्यात कुंपणापलीकडे किणकिण ऐकू आली. डॉक्टरांचा हात वर गेला. प्रमुखाला वाटलं ते चिअर्स म्हणतायत. तोही म्हणाला. सगळेच म्हणाले. डॉक्टर मात्र ग्लास तसाच धरून कुंपणाच्या खांबावर बसून गाणाऱ्या त्या मातकट चिमणीकडे पाहत होते, आणि पापणी हलवत नव्हते. उंदीर होते तेव्हा हा खांबही मोकळाच असता. मग त्यांनी आपली व्हिस्की एका दमात पिऊन टाकली. शॅकल्टनला थेंबही मिळाला नाही.

यादी ७,९९९ वर आली.

आणि त्याच रात्री डायव्हिंग पेट्रेलचं प्रकरण घडलं. धुक्यात जहाजाच्या दिव्यांना भुलून समुद्रपक्षी डेकवर आदळतात. म्हणून रात्री खिडक्यांचे पडदे घट्ट ओढतात, बाहेरचे दिवे कमीत कमी ठेवतात. तरी एक आदळलाच. आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा मडगावचा मुलगा होता. त्याला तो भिजून कोपऱ्यात बसलेला दिसला. कोरडा व्हायला त्याने तो पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला. डॉक्टर नाइटगाऊनवर दुर्बीण बांधून हजर झाले.

डायव्हिंग पेट्रेल इथे दोन जातींचे, आणि समुद्रावर उडताना ते वेगळे ओळखणं जवळपास अशक्य. एक साधा, तो डॉक्टरांकडे होता. दुसरा साउथ जॉर्जियाचा, तो नव्हता. हातात धरला तर कळतं: दुसऱ्याच्या पायाला मागून काळी रेघ असते. मार्गदर्शकाने विजेरी धरली. रेघ होती.

आता आठ हजार पुरे झाले असं आपल्यासारख्याला वाटेल. पण खोक्यातला पक्षी धरत नाहीत. पक्षी जिवंत, रानटी आणि मोकळा हवा. म्हणजे सोडल्यानंतर दिसायला हवा. आणि सोडायचा तो दिवे मालवून, नाहीतर पुन्हा येऊन आदळेल. मागच्या डेकवर काळोखात आम्ही चौघं उभे होतो. खोकं उघडलं. फर्र असा आवाज झाला. विजेरी लावू का, असं डॉक्टरांनी विचारलं. नाही, असं उत्तर मिळालं.

“दिसला?” डॉक्टरांनी अंधारात विचारलं.

“मला दिसला, सर,” मडगावचा मुलगा म्हणाला. “पाण्यावर फेस होता ना, त्याच्यावरून काळं असं गेलं.”

डॉक्टरांनी त्याला तीनदा उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं. मोकळा होता? उडत होता? पाण्याला टेकला का? पोराने एकही उत्तर बदललं नाही. शेवटी डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला आणि त्याचं रीतसर अभिनंदन केलं. त्या पोराची यादी आता एकाची झाली होती, आणि त्यातला तो एक डॉक्टरांकडे नव्हता. स्वतः पाहिला असं लिहून टाकलं असतं तर विचारणारं कुणी नव्हतं. जगातल्या सगळ्या याद्या माणसाच्या शब्दावर चालतात. डॉक्टरांनी वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि झोपायला गेले.

पुढे अंटार्क्टिका आला. तिथे बर्फ पुष्कळ होता. नवा पक्षी नव्हता, त्यामुळे डॉक्टर त्या दिवसांत आमच्याशी बऱ्यापैकी बोलत असत.

उशुआयाला परतलो त्या सकाळी धक्क्यावर गळाभेटी, पत्त्यांची देवाणघेवाण, थोडं रडणं चाललं होतं. विमानतळाची बस उभी होती. डॉक्टर मात्र एका टॅक्सीवाल्याला मोबाइलवर नकाशा दाखवत होते आणि तो पुन्हा पुन्हा मान हलवत होता. मी जवळ गेलो. गावाबाहेरच्या कचरा डेपोवर पांढऱ्या गळ्याचा कॅराकारा येतो. ही गोष्ट पक्षीवाल्यांच्या जगात प्रसिद्ध आहे, टॅक्सीवाल्याच्या नाही. विमानतळावर जायचं सोडून सामानासकट कचऱ्यात कशाला, हे त्याला समजावून द्यायला थोडा वेळ लागला.

“एक जागा आहे,” डॉक्टरीणबाई मागचं दार उघडून मला म्हणाल्या. “येता? विमानाला अवकाश आहे.”

“तुम्हीही जाताय?”

“जगातले बहुतेक नावाजलेले कचरा डेपो मी पाहिलेत,” शब्दकोड्याचं पुस्तक पिशवीतून काढत त्या म्हणाल्या. “गुवाहाटीचा सर्वांत छान. तिथे माणसाच्या खांद्याला लागतील एवढे करकोचे कचऱ्यात उभे असतात. तुम्ही गेलाच असाल.”

मी गेलो नव्हतो. मी गाडीत बसलो. डॉक्टर पुढच्या सीटवर होते. त्यांनी भिंगं पुसली, घड्याळ पाहिलं आणि काळजीने मागे वळून विचारलं, “कचऱ्याची गाडी किती वाजता येते, हे कुणी विचारून घेतलंय का?”